घोड्याची कंडरा आणि बरी करणारी आग

विंध्याचा घाट उतरून नर्मदेकडे जाऊ लागले, की देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकास कन्नोद, कांटाफोड, नेमावर अशी गावे लागतात. त्यांतच सतवास हे एक गाव आहे. धार आणि देवास ही नावे मराठी श्रोत्यांना पवारांच्या गाद्यांमुळे परिचित आहेत. सतवासचे नाव मात्र फारसे कोणाच्या कानावर आलेले नसते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गावाच्या नावाने कृष्णेपर्यंतची खेडी धास्तावत असत. कारण पेंढाऱ्यांचा बलाढ्य पुढारी चितू याचा मुक्काम कधी नेमावरच्या छावणीत, तर कधी सतवासला असे. पुढे नर्मदा, मागे डोंगर आणि भोवती दाट रान, अशी ही जागा त्याने आपल्या धंद्यास नेमकी हेरली होती.

या धंद्याचे भांडवल एकच, ते म्हणजे घोड्याचे पाय. पेंढाऱ्यांजवळ तोफा नव्हत्या, तंबू नव्हते, सामानसुमान नव्हते. स्वाराजवळ स्वतःपुरत्या भाकरी आणि घोड्यापुरता दाणा एवढेच असे. सर जॉन माल्कम यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांच्या टोळ्या उजवे-डावे न पाहता दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारीत ठरलेल्या मुलखावर जाऊन कोसळत. १८१६ च्या फेब्रुवारीत नर्मदा ओलांडून निघालेली टोळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व किनाऱ्याजवळ गुंटूरच्या मुलखात पोचली. तेथे साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली आणि ३,६०० हून अधिक लोकांचा छळ झाला, अशी नोंद कंपनी सरकारच्या चौकशीत झाली. त्या वेगाचे कौतुक करताना या माणसांचा विसर पडू देता कामा नये.

परंतु आजचा आपला विषय लुटारू नव्हे, त्याखालचा मुका प्राणी आहे. इतकी दौड करणाऱ्या घोड्याच्या पायात प्रथम काय निकामी होते, ते दुखणे बरे करण्यासाठी माणसाने कोणकोणते उपाय केले, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला डिवचून जखम लवकर भरेल ही जुनी आशा कितपत खरी ठरली, त्याचा हा इतिहास आहे.

घोड्याच्या पुढच्या पायाकडे लक्षपूर्वक पाहावे. आपण ज्याला त्याचा गुडघा म्हणतो त्याच्या खाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, कातडी आणि हाडामागून खुराकडे गेलेले दोन दोरखंड, एवढाच तो भाग. या दोरखंडांना शास्त्रात कंडरा म्हणतात. स्नायूचे बळ हाडापर्यंत पोचविणे हे कंडरेचे काम. परंतु घोड्याच्या पायात ती त्याहून अधिक करते. टाप जमिनीवर पडताच ती ताणली जाते आणि टाप उचलताना स्प्रिंगेप्रमाणे परत आखडते. भरधाव दौडीत वरची कंडरा आपल्या लांबीच्या सुमारे सोळा टक्क्यांपर्यंत ताणली जाते, आणि त्याहून थोडी अधिक ताणली तर तुटू लागते. शिवाय या ताणण्या-आखडण्याने तिच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढल्याचे मोजले गेले आहे. तात्पर्य, धावणारा घोडा प्रत्येक टापेस आपल्या कंडरेच्या सहनशक्तीच्या काठावरून चाललेला असतो. दमलेला घोडा, खाचखळग्यांची वाट आणि निष्ठुर टाच ही तिन्ही एकत्र आली, की गाभ्यातील तंतू तुटतात, पाय गरम होऊन सुजतो आणि मागून पाहिले असता सरळ दिसणारी रेघ धनुष्यासारखी बाहेर फुगते.

आपल्या भाषेने या अवयवाची दखल फार पूर्वी घेतली आहे. सुश्रुतसंहितेत मानवी शरीरातील सोळा कंडरा सांगितल्या आहेत. बोलीत टाचेमागच्या जाड शिरेला घोडशीर किंवा धोंडशीर म्हणतात. ही शीर गेली की घोडा गेला, हे लढणाऱ्या लोकांनाही पुरते ठाऊक होते. बायबलमधील यहोशवाच्या ग्रंथात शत्रूच्या घोड्यांच्या पायांमागच्या शिरा तोडून टाकण्याची व रथ जाळण्याची आज्ञा आली आहे. आणि दाविदाने शंभर रथांपुरते घोडे राखून बाकीच्यांची तीच गत केली, असे शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात म्हटले आहे. घोडा मारण्याचीही गरज नव्हती. एक शीर तोडली की राजाचे सैन्य पायउतार होई.

मग दुखावलेली शीर बरी कशी करावयाची? आपल्याकडे अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्र मुनींपर्यंत नेऊन पोचविली जाते, आणि त्यांच्याच नावावरून घोड्याच्या वैद्याला शालोत्री किंवा सलोत्री हा शब्द रूढ झाला. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ आहे. मुसलमानी अमदानीत शालिहोत्राची फारसी भाषांतरे झाली. या परंपरेतील सर्वांत जबर उपाय म्हणजे अग्निकर्म. तापलेल्या सळईने डाग देण्याचे शास्त्र सुश्रुताने माणसांसाठीही सांगितले असून शिरा, स्नायू, सांधे यांच्या विकारांत ते उपयोगी मानले आहे. अरबांचे अश्ववैद्य हेच करीत, युरोपातील नालबंदही हेच करीत. डाग नको असेल तेथे कातडी भाजून फोड आणणारी औषधे चोळावयाची. युरोपात त्यासाठी एका जातीच्या हिरव्या किड्यांची पूड वापरीत, आणि आपल्या खेड्यांत लचकलेल्या बैलाच्या पायाला बिब्बा घालीत. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावयास नको.

या सर्व उपायांच्या मुळाशी एकच कल्पना होती. दुखणे जुने झाले, थंड पडले, म्हणून ते बरे होत नाही. तेव्हा त्याच जागी नवी आग पेटवावी, म्हणजे शरीर जागे होईल, रक्त धावून येईल आणि नव्या दुखण्याबरोबर जुनेही धुऊन नेईल. ही कल्पना केवळ अडाणीपणाची होती, असे म्हणण्याची घाई करू नये. कारण शास्त्रानेही पुढे निराळ्या भाषेत जवळजवळ हेच सांगितले.

जॉन हंटर हे अठराव्या शतकातील लंडनचे थोर शल्यवैद्य. १७६७ च्या सुमारास त्यांची स्वतःचीच घोडशीर तुटली. तेव्हा त्यांनी कुत्र्यांच्या कंडरा कातडीखाली कापून त्या कशा सांधल्या जातात, याचा अभ्यास केला. पुढे दाहावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. सूज, लाली, ऊब आणि वेदना यांनाच आजवर रोग समजले जाई. हंटर यांनी असे प्रतिपादिले, की दाह हा रोग नसून इजेला शरीराने दिलेले उत्तर आहे. याच हंटर यांच्या प्रोत्साहनाने विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा तरुण माणसांची शल्यविद्या सोडून फ्रान्समधील ल्यों येथे पशुवैद्यक शिकावयास गेला. १८०८ साली तो कंपनीच्या पुसा येथील अश्वशाळेचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. म्हणजे सतवासला चितूच्या घोड्यांचे पाय डागले-शेकले जात असतील, त्याच काळात बिहारमध्ये दाहाच्या नव्या विचारात वाढलेला एक अश्ववैद्य काम करीत होता. एका बाजूला सलोत्र्याची सळई आणि दुसऱ्या बाजूला हंटर यांचा सिद्धान्त, अशी दोन टोके एकाच देशात, एकमेकांना न भेटता नांदत होती.

दाह हे उत्तर असेल, तर ते देतो कोण? या प्रश्नाचा उलगडा १८८२ साली सिसिलीतील मेसिना या बंदरात झाला. एली मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात एक बारीकसा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्याला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसा येथे त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या धुमाकुळात मुंबईस आला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच परळमध्ये १८८६ पासून मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात चालू होते. लंगडा घोडा आणि रोगप्रतिकाराचे नवे शास्त्र हे असे मुंबईत एकमेकांचे शेजारी झाले.

या दोहोंची खरी गाठ पडली ती मात्र पॅरिसजवळ, आणि तीही घोड्याच्याच अंगावर. गॅस्तों रामों हे मूळचे पशुवैद्य. घटसर्पावरील रक्तरस मिळविण्यासाठी ते घोड्यांना विषाची लस टोचीत असत. त्यांच्या ध्यानात आले, की टोचलेल्या जागी ज्या घोड्याला गळू होते, त्याच्या रक्तात प्रतिविष अधिक निर्माण होते. मग मुद्दाम निरुपद्रवी दाह उत्पन्न करावा, म्हणून त्यांनी लशीत टॅपिओकाचे पीठ मिसळून पाहिले. ज्या टॅपिओकापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, तेच हे पीठ. प्रतिविषाचे प्रमाण खरोखर वाढले. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामापासून प्रतिकारशक्तीला चेतविणाऱ्या द्रव्यांचे शास्त्र सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी तुरटीच्या जातीच्या क्षारांचा तसाच उपयोग दाखविला, आणि आजही अनेक लशींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. नंतर जंतूंच्या कवचातील द्रव्ये आली, यीस्टच्या पेशींतील शर्करा आल्या. जनावरांना जंतांसाठी पाजावयाचे लेव्हामिसोलदेखील प्रतिकारशक्ती हलविते, असे १९७० नंतरच्या दशकात आढळले. क्षयाच्या प्रतिबंधासाठी काढलेली बी.सी.जी. लस घोड्याच्या कातडीवरील एका जातीच्या गाठींत टोचून त्या जिरविण्यात पशुवैद्यांनी यश मिळविले.

येथे मनात सहज असा विचार येतो, की मग सलोत्र्याचे तरी काय चुकले? रामोंचे टॅपिओका आणि खेड्यातला बिब्बा यांत फरक एवढाच, की एक पिचकारीतून जातो आणि दुसरा कातडीवर बसतो. चेतविलेली प्रतिकारशक्ती रोगजंतूंना भारी पडत असेल, तर तुटलेल्या कंडरेलाही ती लवकर सांधील. हा युक्तिवाद इतका सरळ आहे, की शतकानुशतके कोणी तो तपासून पाहिला नाही.

तपासणी झाली ती इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात. तेथील पशुवैद्यांनी घोड्यांच्या कंडरांना मोजून-मापून इजा केली, काहींना डाग दिले, काहींना दिले नाहीत, आणि महिनोन्महिने दोन्ही गट तपासून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कातडीवर दिलेल्या डागांचा आतल्या कंडरेला कोणताही लाभ झाला नव्हता. आणि टोकदार सळई जेथे कंडरेत उतरली होती, तेथे मूळच्या इजेत नव्या इजेची भर पडली होती. मराठीत कामात बिब्बा घालणे म्हणजे काम बिघडविणे. आपल्या भाषेने हा निष्कर्ष जणू आधीच नोंदवून ठेवला होता!

मग इतक्या पिढ्यांचा अनुभव खोटा म्हणावयाचा काय? नव्हे. डागलेले घोडे बरे होत, हे खरेच आहे. परंतु डागलेल्या घोड्यावर महिनोन्महिने खोगीर चढत नसे. त्याचा पाय इतका दुखे, की निष्ठुर धन्यालाही त्याला ठाणबंद करावे लागे. ज्याला डागले नाही त्याची सूज पंधरवड्यात ओसरे, लंगडणे थांबे, आणि धनी त्याला पुन्हा कामास जुंपी; मग ती अर्धवट सांधलेली कंडरा दुसऱ्यांदा तुटे. गुण विश्रांतीचा होता, श्रेय मात्र आगीला मिळत गेले. अनुभव खोटा नव्हता, त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली होती. आणि त्या चुकीची किंमत ज्याला बोलता येत नाही अशा प्राण्याने मोजली.

प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. कातडीवरची आग निरुपयोगी असेल, परंतु कंडरेच्या आत शरीर स्वतः पेटविते त्या आगीचे काय? इजा होताच पहिल्या काही दिवसांत भक्षक पेशी धावून येतात, तुटके तंतू उचलतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना हाक घालतात. पुढे काही आठवडे नवे तंतू घातले जातात. मग वर्ष-वर्ष ते तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात. अडचण अशी, की हे नवे तंतू मूळच्या जातीचे नसतात. व्रण भरतो, पण तो ताठर राहतो. मूळचा लवचिकपणा येत नाही. म्हणून शर्यतीच्या घोड्यांत एकदा दुखावलेली कंडरा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण अनेक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास आढळले आहे.

या आतल्या आगीची परीक्षा उंदरांवर झाली. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी २००८ साली असे दाखविले, की मोठ्या उंदरांच्या अंगातील महाभक्षक पेशी औषधाने कमी केल्या असता हाडात बसविलेली कंडरा अधिक चांगली जुळली. कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात या पेशी कमी केलेल्या लहान उंदरांच्या घोडशिरेत नवा भराव कमी झाला, परंतु ती शीर तुटण्यास लागणारा जोर मात्र वाढला. म्हणजे सैनिक अधिक आले म्हणून गड अधिक मजबूत होतो असे नाही. गर्दी झाली तर तटाच्या डागडुजीत अडथळाच व्हावयाचा.

उलट टोकही तितकेच घातक आहे. दाह पार विझविणारी कॉर्टिसोनच्या जातीची औषधे कंडरेतच टोचली, तर वेदना थांबते, पण कंडरा अशक्त होते, आणि वेदना थांबल्यामुळे घोडा त्याच पायावर धावतो. म्हणून अलीकडचे संशोधन आग पेटविण्याच्या वा विझविण्याच्या मागे न लागता तिला वळण लावू पाहत आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अस्थिमज्जेतील मूळ पेशी आधी विषाणूसारख्या भासणाऱ्या एका कृत्रिम द्रव्याने चेतवून, मग उंदरांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधात सोडण्यात आल्या. हा अस्थिबंध म्हणजे कंडरेचे भावंडच. तेथे दाह वाढविणाऱ्या भक्षक पेशी कमी झाल्या आणि बंध अधिक बळकट सांधला गेला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. यात एक मोठी गंमत आहे. चेतविणारे द्रव्य जनावराला दिले नाही, पेशींना बाहेरच दिले. आणि त्या पेशींनी जनावराच्या अंगात जाऊन आग वाढविली नाही, आटोक्यात ठेवली. चेतवावयाचे कोणाला, किती आणि केव्हा, यावर सारे अवलंबून आहे. उंदरावरून घोड्यापर्यंतची वाट अजून लांब आहे. परंतु दिशा तरी उमगली आहे.

चितूची अखेर आपणांस ठाऊक असेल. फौजांनी पाठलाग करून त्याला एकाकी पाडले, आणि १८१९ साली याच नर्मदाकाठच्या जंगलात वाघाने त्याला मारले. शोधासाठी निघालेल्यांना आधी दिसला तो त्याचा घोडा. खोगीर-लगामासह तो रानाच्या कडेला चरत होता. त्याच्या खोगिरात रुपयांची थैली, शिक्क्याच्या अंगठ्या आणि अप्पासाहेब भोसल्यांची पत्रे सापडली. धनी गेला, राज्ये गेली, आणि त्या दौडीचा सारा भार ज्याच्या चार बारीक शिरांनी वाहिला तो प्राणी तेथे गवत खात उभा होता. इतिहासाने पत्रांची आणि अंगठ्यांची नोंद ठेवली. त्या घोड्याच्या पायांत किती जुने डाग होते, हे लिहून ठेवण्याची बुद्धी कोणाला झाली नाही.

आज सतवासच्या मुलखातून पेंढारी गेले, परंतु बैल, घोडी आणि खेचरे गेली नाहीत. महाराष्ट्रातही उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या पायांत आपण रोज पाहतो तेच दुखणे आहे, आणि डाग देणारे हातही खेड्यांत अजून आहेत. माळव्यात महू येथे १९५५ सालापासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे, मुंबईचे तर त्याहूनही किती जुने. जनावराच्या पायाची शीर सुजली तर पहिल्या दिवसापासून थंड पाण्याच्या पट्ट्या, बांधलेला आधार आणि सक्तीची विश्रांती. मग पशुवैद्याच्या सल्ल्याने हळूहळू चालविणे, आणि सूज ओसरली तरी घाईने जू न ठेवणे, हा उपाय दिसावयास साधा आहे. त्यात धूर नाही, सळई नाही, चमत्कार नाही. त्याला लागतो तो वेळ, आणि तो वेळ धन्याच्या पोटावर येतो, हेही खरे. परंतु आगीने जे काम केल्याचा भास झाला, ते पूर्वीही या वेळेनेच केले होते. तो वेळ आपण आता राजीखुशीने दिला, तर निदान त्या मुक्या जिवाच्या पायावर डागाची भर पडणार नाही.